टॅब घ्यावा का? थोडा इतिहास, थोडा हिशेब

टॅब ही नवी वस्तू वाटते, पण तिची कल्पना ५० वर्षांहून जुनी आहे. १९७२ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ॲलन के यांनी मुलांसाठी 'डायनाबुक' नावाच्या संगणकाचा आराखडा मांडला. आकार वहीएवढा, वजन चार पौंडांच्या आत, किंमत ५०० डॉलरच्या आसपास. तो कधी बनला नाही. २०१० साली ॲपलचा आयपॅड विक्रीला आला, तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत ४९९ डॉलर होती! फरक इतकाच, की के यांचे मूल त्यावर स्वतः काही घडवणार होते. आयपॅड मात्र मुख्यतः पाहण्या-वाचण्यासाठी होता. टॅब आणल्यावर मुलगा आपोआप अभ्यास करील, ही पालकांची समजूत इथेच फसते.

आपल्या देशातला अनुभवही तोच सांगतो. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' टॅब दिल्लीत सादर झाला. सरकारी खरेदीची किंमत सुमारे २,२७६ रुपये. सात इंची पडदा बोट दाबून चालवावा लागे, स्मृती २५६ एमबी, बॅटरी तासा-दोन-तीन तासांची. तक्रारी झाल्या आणि पुढच्याच वर्षी, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारित 'आकाश २' आला. स्वस्त असणे हा गुण खरा, पण संथ यंत्र कुणी दुसऱ्यांदा हातात घेत नाही.

मग टॅब कुणासाठी? आम्हा बडोदेकरांना याचे उत्तर जुन्या गोष्टीत सापडते. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. त्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्याही होत्या. वाचक ग्रंथालयात येऊ शकत नसेल तर पुस्तकच गावात जाई. आज तशी पेटी घरातल्या वडीलधाऱ्यांना हवी आहे. मराठी पुस्तकांचे दुकान जवळ नाही आणि छापील अक्षर बारीक. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत सुरू केलेल्या मराठी विश्वकोशाचे २० खंड आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. ते खंड घरात ठेवायला कपाट लागेल, टॅबवर आजी अक्षर हवे तेवढे मोठे करते. फोनवर तेच वाचायचे तर दर ओळीला पान सरकवावे लागते.

लांब निबंध लिहायचा, हिशेबाचे तक्ते करायचे असतील तर कीबोर्डचा संगणकच बरा. टॅबवर ते करताना हात दुखतात. आणि घरात फक्त मुलांनी व्हिडिओ पाहायचे असतील, तर पैसे वाचवावेत, त्याला आहे तो फोन पुरतो. घ्यायचाच असेल तर दहा इंची घ्यावा, सात इंची आता मोठ्या फोनच्या फार जवळ आला आहे. मराठी कळफलक आधी चालू करून पाहावा, आणि टॅब आजोबांच्या खुर्चीशेजारी, चार्जरसकट ठेवावा. मुलांच्या खोलीत गेला, की तो परत येत नाही.