बोकडाचं तिकीट

सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या आयुष्यातली सत्तेचाळीस वर्षं मी एका बोकडाच्या नादानं घालवली. आमची ही म्हणते, "एवढी वर्षं एखाद्या देवाच्या नादी लागला असतात तर तो प्रसन्न तरी झाला असता." मी गप्प बसतो. संसारात गप्प बसणं आणि 'शिकागो कब्ज'चा चाहता असणं, दोन्हींना सारखाच दम लागतो.

'कब्ज' हा बेसबॉलचा संघ. नावाचा अर्थ अस्वलाची पिल्लं. हिंदीत या शब्दाचा जो अर्थ होतो, तो या संघाच्या कारभाराला अधिक लागू पडतो, हे माझ्या फार लवकर ध्यानात आलं. बेसबॉलचं म्हणाल तर क्रिकेटच्या चुलतघरातलाच खेळ. फक्त इथे टोलेबाजाला चेंडू अडवून दिवस काढायची सोय नाही, नऊ इनिंग्ज तीन-एक तासांत उरकतात आणि हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे साधारण सहा महिने, जवळजवळ रोज. आपल्याकडे कसोटी हरली तर दुःख करायला मध्ये सवड मिळते. इथे कालचं दुःख सुकायच्या आत आजचं हजर.

१९६९ च्या जूनमध्ये मी शिकागोत उतरलो. पेटीत आईनं दिलेला मेतकुटाचा डबा आणि खिशात एका कारखान्याचं नोकरीचं पत्र. खोली मिळाली ती शहराच्या उत्तर भागात, रिगली फील्ड या कब्जच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर. घरमालकीणबाई एकसष्ट वर्षांच्या, विधवा, काटक. पहिल्याच दिवशी त्यांनी अटी सांगितल्या : भाडं एक तारखेला, रात्री दहानंतर नळ नाही आणि दुपारी रेडिओवर मॅच चालू असताना कुणी मरत असलं तरच हाक मारायची.

मैदानाच्या फलकावर सामना संपला की झेंडा चढवतात. पांढऱ्यावर निळा डब्ल्यू म्हणजे जिंकलो, निळ्यावर पांढरा एल म्हणजे हरलो. उंचावरून जाणाऱ्या आगगाडीतल्या माणसांना घरी जाता जाता कळावं म्हणून ही सोय. आमच्या बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो झेंडा दिसे. पांढरा चढला की संध्याकाळी माझ्या दारात सफरचंदाच्या पायचा तुकडा यायचा. निळा चढला की जिन्यावर दिवासुद्धा लागत नसे. मी शाकाहारी पुणेकर. त्या तुकड्यावर माझा जीव. तेव्हा मी कब्जचा चाहता झालो तो भक्तीनं नव्हे, भुकेनं, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आणि तो उन्हाळा पायचाच होता! ऑगस्टच्या मध्याला कब्ज नऊ सामन्यांनी पुढे. माझं वजन वाढलं. एका रविवारी बाई मला मैदानावर घेऊन गेल्या. उघडी बाकं, पाठीवर ऊन, समोरच्या विटांच्या भिंतीवर चढलेला हिरवागार वेल. हा वेल १९३७ साली मुद्दाम लावलेला. इतकं देखणं मैदान मी तोवर पाहिलं नव्हतं. "यंग मॅन," बाई म्हणाल्या, "तू फार चांगल्या वर्षी आलास. मी एकसष्ट वर्षं थांबले."

सप्टेंबर लागला आणि पिल्लं ओळीनं आठ सामने हरली. नऊ तारखेला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये एक काळं मांजर कुठूनसं मैदानात आलं आणि आमचा रॉन सँटो बॅट घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत उभा होता, त्याच्याजवळून ऐटीत फिरून गेलं. हे मी रचून सांगत नाही, त्याचे फोटो आहेत. हंगाम संपला तेव्हा न्यूयॉर्कचे मेट्स आठ सामन्यांनी पुढे होते. माझं वजन पूर्ववत झालं. शेवटच्या दिवशी बाईंनी रेडिओ बंद केला, खुर्चीवरची उशी झटकली आणि म्हणाल्या, "असो. पुढच्या वर्षी."

मला एकदम घरची आठवण झाली. आम्ही गणपतीला निरोप देताना म्हणतो तेच. फरक इतकाच, की आमचा गणपती ठरल्याप्रमाणे येतो.

बाईंच्या एकसष्ट वर्षांचा हिशोब मला नंतर कळला. त्यांचा जन्म १९०८ च्या ऑगस्टमधला आणि कब्जनं वर्ल्ड सिरीज जिंकली ती त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला. म्हणजे टिळक मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हा, आणि बाई पाळण्यात. त्या काळी हा संघ म्हणजे दरारा होता. १९०६ साली ११६ सामने जिंकले, हरले फक्त ३६. मग वर्ल्ड सिरीजमध्ये गावातल्याच 'व्हाइट सॉक्स'कडून, म्हणजे पांढऱ्या मोज्यांकडून, मार खाल्ला. तेव्हाच शहाण्या माणसानं ओळखायला हवं होतं. १९०७ आणि १९०८ साली मात्र जिंकले.

पण त्या १९०८ च्या विजयातही एक गोम आहे. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क जायंट्सशी सामना होता. शेवटच्या फटक्यावर जायंट्सची जिंकणारी धाव पूर्ण झाली, लोक मैदानात घुसले. पहिल्या बेसवरून निघालेला फ्रेड मर्कल नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा त्या गर्दीला पाहून दुसऱ्या बेसला पाय न लावताच तंबूकडे पळाला. कब्जच्या जॉनी एव्हर्सनं कुठून तरी चेंडू पैदा केला, बेसवर उभा राहिला आणि पंचाकडे दाद मागितली. मर्कल बाद, धाव रद्द, सामना बरोबरीत! तो पुढे पुन्हा खेळवला, कब्जनं जिंकला आणि एका सामन्याच्या फरकानं लीगचं अजिंक्यपद मिळवलं. नियमानं चोख. पण मर्कल बिचारा जन्मभर 'तो पाय न लावणारा' म्हणूनच ओळखला गेला. शाप लागायचाच असेल तर तो या पोराचा लागला, असं माझं मत आहे. बाईंना मी हे एकदा बोलून दाखवलं. दोन दिवस जिन्यावर दिवा नव्हता.

कारण बाईंचा आणि साऱ्या शिकागोचा विश्वास बोकडावर होता. १९४५ साली कब्ज वर्ल्ड सिरीजला पोचले. बिली सायनिस नावाचा ग्रीक खानावळवाला चौथ्या सामन्याला आला तो बोकड घेऊन. बोकडाचं नाव मर्फी. दोघांचं रीतसर तिकीट. पण बोकडाला वास येतो या कारणावरून त्यांना बाहेर काढलं आणि सायनिसनं रागानं शापवाणी उच्चारली, अशी कथा आहे. बाई त्या दिवशी वडिलांबरोबर मैदानावर होत्या. वडील पेन्सिलीनं एकेक चेंडू कागदावर टिपत. चौथ्या इनिंगमध्ये डेट्रॉइटनं चार धावा काढल्या. तिथं वडिलांची पेन्सिल थांबली. पुढचे सगळे रकाने कोरे. तो कागद बाईंनी पोळपाटाएवढ्या एका बायबलमध्ये जपून ठेवला होता. सिरीज कब्ज सातव्या सामन्यात हरले.

मी ही हकीकत आईला कळवली. तिचं उलट टपाली उत्तर आलं : "दारी आलेल्या मुक्या जनावराला हाकलायचं नसतं. त्यांना म्हणावं, माफी मागा." आईचा सल्ला कब्जच्या कचेरीपर्यंत कसा पोचला ठाऊक नाही, पण १९८४ साली सायनिसच्या पुतण्याला बोकडासकट मानानं मैदानात बोलावलं गेलं. (बोकड अर्थातच नवा.)

मला विचाराल तर बळीचा बकरा कशाला म्हणतात ते शिकागोला जाऊन पाहावं. १९४७ पासून १९६६ पर्यंत ओळीनं वीस वर्षं हा संघ लीगच्या खालच्या अर्ध्यात राहिला. ते काय बोकडानं केलं? मालक फिलिप रिगली, च्युइंगमवाले. मैदान इतकं छान ठेवलं की संघ कसाही असो, मंडळी उन्हात बसायला येतच. दुकान चाललंय तर माल कशाला सुधारा? १९४१ च्या अखेरीस दिव्यांचं सामान आणून ठेवलं होतं. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते लढाईच्या कामाला देऊन टाकलं. छान केलं. लढाई १९४५ ला संपली, दिवे लागले १९८८ ला.

पुढे १९६१ साली त्यांनी मॅनेजर हे पदच काढून टाकलं आणि प्रशिक्षकांचं मंडळ नेमलं. एकेकानं आळीपाळीनं संघ चालवायचा. कालचा सांगे धावा, आजचा सांगे थांबा. वाड्यातला सामाईक नळ या पद्धतीनं चालताना मी पाहिला आहे. त्यावरून सांगतो, यानं पाणी कुणालाच मिळत नाही. १९६२ साली १६२ पैकी १०३ सामने हरले. १९६४ च्या जूनमध्ये लू ब्रॉक नावाचा तरणाबांड खेळाडू सेंट लुईसला दिला आणि बदल्यात अर्नी ब्रॉलिओ हा पिचर घेतला. ब्रॉलिओनं कब्जसाठी एकूण सात सामने जिंकले. ब्रॉकनं त्याच वर्षी सेंट लुईसला वर्ल्ड सिरीज जिंकून द्यायला हात लावला आणि आयुष्यात ९३८ बेस चोरले. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक आपण पाहतो. कोहळा देऊन आवळा घेणारे हेच.

आणि या सगळ्यात अर्नी बँक्स! १९५३ ते १९७१, सगळी कारकीर्द कब्जकडे, ५१२ होमरन, पण अजिंक्यपदाच्या फेरीतला एक सामनाही नशिबी नाही. तरी हा गृहस्थ ऊन पडलं की म्हणायचा, आज दोन सामने खेळू या. मी त्याला खेळताना पाहिलं आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी पुढची सगळी उपासमार मी माफ केली.

१९८४ साली पहिले दोन सामने जिंकून लीगचं अजिंक्यपद फक्त एका विजयावर आलं होतं. सॅन डिएगोला जाऊन तिन्ही हरले. शेवटच्या सामन्यात साधा सरपटी चेंडू लिऑन डरॅमच्या दोन पायांमधून निघून गेला. स्टीव्ह गुडमन हा शिकागोचा गायक, त्यानं त्याच साली कब्जसाठी गाणं केलं, जे आजही विजयानंतर सगळं मैदान उभं राहून म्हणतं. तो गेला २० सप्टेंबरला. कब्जनं गटातलं पहिलं स्थान पक्कं केलं २४ ला. चार दिवस!

८ ऑगस्ट १९८८ ला मैदानावर पहिल्यांदा दिवे लागले. बाईंनी ऐंशी वर्षं पुरी केली होती. चौथी इनिंग संपायच्या आत असा पाऊस कोसळला की सामना रद्द. "वर कुणाला तरी पसंत दिसत नाही," बाई म्हणाल्या. त्या १९९५ च्या जानेवारीत गेल्या, सत्त्याऐंशीव्या वर्षी. आम्ही तोवर दुसरीकडे राहायला गेलो होतो. इस्पितळात भेटायला गेलो तर त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि १९४५ चा तो कागद हातात दिला. मला वाटलं, काहीतरी निरवानिरव. त्या म्हणाल्या, "या वर्षी पिचर कोण कोण आहेत?"

नंतरची वर्षं भराभर सांगतो, कारण सांगवत नाहीत. १४ ऑक्टोबर २००३. तारीख पाहा, बरोबर पंच्याण्णव वर्षं. आठवी इनिंग, ३-० नं पुढे, वर्ल्ड सिरीजला पाच बळी कमी. प्रेक्षकांकडे झुकलेल्या एका चेंडूला एका बिचाऱ्या प्रेक्षकाचा हात लागला आणि झेल हुकला. त्यानंतर शॉर्टस्टॉपच्या हातून अगदी सोपा चेंडू सुटला आणि फ्लोरिडानं आठ धावा काढल्या, पण शिव्या खाल्ल्या त्या प्रेक्षकानं. पहाऱ्यात बाहेर काढावं लागलं त्याला. पुढे तो चेंडू एका हॉटेलवाल्यानं लिलावात घेऊन समारंभपूर्वक सुरुंगानं उडवला! मर्कल, बोकड, मांजर, प्रेक्षक. संघ सोडून सगळ्यांना शिक्षा झाली. मग २०१५. 'बॅक टू द फ्यूचर'च्या दुसऱ्या चित्रपटात भाकीत होतं की कब्ज २०१५ साली जिंकणार. नायक भविष्यात पोचतो ती तारीख २१ ऑक्टोबर. त्याच तारखेला मेट्सनी आम्हाला चारीमुंड्या चीत केलं. मेट्सचा हीरो डॅनियल मर्फी. बोकडाचं नाव वर आलंच आहे.

२ नोव्हेंबर २०१६. सातवा सामना, क्लीव्हलंड. तेही १९४८ पासून उपाशी, म्हणजे दोन उपाशी एका ताटाशी. आठव्या इनिंगला आम्ही ६-३ पुढे आणि बघता बघता ६-६. ही उठून झोपायला गेली. "उद्या सकाळी चहाला रडा," म्हणाली. नऊ इनिंग्ज संपल्या आणि पाऊस आला. सतरा मिनिटं. मी तो जुना कागद मांडीवर घेऊन बसलो होतो. खेळ सुरू झाला, दहाव्या इनिंगमध्ये दोन धावा काढल्या, एक दिली. शेवटचा सरपटी चेंडू क्रिस ब्रायंटकडे गेला. पाय घसरत होता आणि तो हसत होता. फेकला, रिझोनं झेलला. ८-७.

मला ओरडता येईना. हिनं आतून विचारलं, "हरले ना?"

दुसऱ्या दिवशी रिगली फील्डच्या बाहेरच्या भिंतीवर लोक खडूनं नावं लिहीत होते. आजोबांची, आयांची, जे थांबले होते आणि ज्यांना पाहायला मिळालं नाही त्यांची. हात पोचेल तिथवर वीट दिसत नव्हती. एका मुलीनं मला अर्धा खडू मोडून दिला. बाईंचं नाव लिहिलं. बाजूला त्यांच्या वडिलांचं लिहायला गेलो तर ते मला ठाऊकच नव्हतं. मग 'पेन्सिलवाले' असं मराठीत लिहिलं.

पुढची वर्षं पुन्हा नेहमीची. २०२१ च्या जुलैअखेरीला ब्रायंट, रिझो, बायेझ तिघांनाही एका दमात दुसरीकडे धाडलं. मी हळहळलो, पण जुनं दुखणं परतल्यासारखं जरा बरंही वाटलं.

माझा नातू २०१७ साली जन्मला. त्याच्या लेखी कब्ज म्हणजे कधीतरी जिंकणारा, एरवी चिडवणारा साधा संघ. परवा निळा झेंडा चढला म्हणून तो रुसून बसला होता. मी त्याला सगळी गोष्ट सांगितली, सायनिस, मर्फी, दोन तिकिटं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं,

"आजोबा, मग बोकडाच्या तिकिटाचे पैसे परत दिले का?"