सहा कळा, एक अक्षर: टर्मिनलने भारतीय लिपी कशी वाचली

‘स्त्री’ हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने एकच जोडाक्षर. इनस्क्रिप्ट कळफलकावर ते उमटवायला मात्र सहा कळा दाबाव्या लागतात: स, हलन्त, त, पुन्हा हलन्त, र आणि शेवटी दीर्घ ईकार. वाचकाचे एक अक्षर आणि यंत्राच्या सहा खुणा यांची सांगड कशी घालायची, हा प्रश्न भारतीय संगणकतज्ज्ञांपुढे साडेचार दशकांपूर्वी उभा राहिला. तो नीट समजण्यासाठी आधी टर्मिनलची मूळ सवय पाहावी लागते.

केवळ मजकूर दाखवणारे टर्मिनल हे टेलिटाइप यंत्राचे वारस. टेलिटाइपवर अक्षर कागदावर उमटे आणि कागदावरचे अक्षर पुसता येत नसे. म्हणून सुरुवातीच्या युनिक्समध्ये ‘#’ टंकले की मागचे एक अक्षर रद्द होई आणि ‘@’ टंकले की सगळी ओळ रद्द होई. दाबलेल्या कळा कार्यप्रणाली स्वतःजवळ साठवून ठेवी, दुरुस्त्या करी आणि एंटर दाबल्यावरच तयार ओळ प्रोग्रामच्या हाती देई. टंकणाऱ्याच्या चुका प्रोग्रामला कळतही नसत. पुढे पडदे आले, ‘व्हीआय’सारखे संपादक आले. त्यांना प्रत्येक कळ दाबताक्षणीच हवी होती. त्यासाठी ‘कच्ची’ पद्धत रूढ झाली: ना साठवण, ना दुरुस्ती, आली कळ की दिली. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने या दोन्ही पद्धतींना नियमांत बसवले.

दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत होते: एक कळ म्हणजे एक बाइट आणि एक बाइट म्हणजे पडद्यावरचे एक घर. इंग्रजीपुरते ते बहुतांशी खरे होते. तरीही बाणाच्या कळांनी त्याला तडा दिलाच. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर वरच्या बाणाची एक कळ तीन बाइट पाठवी आणि त्यांतला पहिला बाइट एस्केप कळीचाच असे. नुसती एस्केप दाबली की बाण, हे ठरवण्यासाठी प्रोग्रामला क्षणभर वाट पाहावी लागे.

भारतीय लिप्यांत तर हा अपवाद नसून नियमच होता. देवनागरी टंकलेखन यंत्रावर ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर उमटवला जातो, कारण यंत्राला केवळ आकार ठाऊक असतो. संगणकाने हाच क्रम साठवला, तर शोध आणि अकारविल्हे दोन्ही बिघडतात. आयआयटी कानपूरमध्ये आर. महेश के. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरी टर्मिनलवर काम केले. त्यातून घडलेला देवनागरी संगणक १९८३ साली दिल्लीतील तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात मांडला गेला. १९८८ मध्ये हे काम पुण्यात नव्याने स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ‘जिस्ट’ या नावाने वाढले.

त्यांचा उपाय असा की, कळफलकावरून येणारा प्रवाह उच्चाराच्या क्रमाने ठेवायचा आणि आकाराची जबाबदारी टर्मिनलवर टाकायची. वेलांटी डावीकडे सरकवणे, हलन्त दिसताच जोडाक्षर घडवणे ही कामे जिस्ट टर्मिनल किंवा पीसीत बसवलेले जिस्ट कार्ड करी. मधला प्रोग्राम पूर्वीसारखाच एकेक बाइट वाचत राही. त्यामुळे वर्डस्टार, डीबेस यांसारखे केवळ इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्राम मुळात न बदलता भारतीय भाषांत चालू लागले.

या विचाराला मानकांचीही जोड मिळाली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळफलक प्रमाणित केला. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३१९४, म्हणजे ‘इस्की’, आले. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था समान आहे, हे ओळखून त्यात देवनागरी, बंगाली वा कन्नड ‘क’ला एकच कळ आणि एकच संकेत दिला गेला. प्रत्येक खूण एका बाइटची, त्यामुळे बॅकस्पेसचा जुना नियमही अबाधित राहिला. उणीव अशी की, संकेतावरून वर्ण कळे, लिपी कळत नसे. ती सांगायला मजकुरात वेगळी खूण घालावी लागे.

युनिकोडने इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यातील वर्णक्रम स्वीकारला, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली. १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची झाली आणि ‘स्त्री’ अठरा बाइटांची. येथे टेलिटाइपच्या काळातील गृहीत पुन्हा आडवे आले. ओळ साठवणारी कार्यप्रणाली बॅकस्पेसला एकच बाइट काढी. पडद्यावर खूण पुसलेली दिसे, पण प्रोग्रामच्या हाती दोन अनाथ बाइट जात. २००४ मध्ये लिनक्सच्या २.६.४ आवृत्तीत यासाठी स्वतंत्र सोय झाली आणि पूर्ण खूण एकदम पुसली जाऊ लागली. मात्र प्रत्येक खुणेला पडद्यावर एक घर लागते, ही समजूत तिथे तशीच राहिली. वर्णाच्या पोटात बसणारा उकार किंवा हलन्त पुसताना कर्सर एक घर जास्त मागे जातो, तो त्यामुळेच.

आज टर्मिनलमध्ये नाव विचारणारा छोटासा प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही या इतिहासाला सामोरे जावे लागते. कच्च्या पद्धतीत आलेला एक बाइट म्हणजे अक्षर नव्हे. खूण पूर्ण होईपर्यंत बाइट जमवावे लागतात आणि पडद्यावरची रुंदी निराळी मोजावी लागते. परीक्षा सोपी आहे: ‘स्त्री’ टंकावे, एकदा बॅकस्पेस दाबावी आणि एंटर करावे. प्रोग्रामच्या हाती ‘स्त्र’ आणि नेमके पंधरा बाइट उरले, तर कळफलक योग्य रीतीने वाचला गेला.

#संगणकाचा_इतिहास #देवनागरी #भारतीय_भाषा