बारभाईंचा कारभार

मराठीत ‘बारभाई’ हा शब्द आज निंदाव्यंजक झाला आहे. ज्या कामास धनी अनेक आणि जबाबदारी कोणाचीच नाही, त्यास आपण बारभाईचा कारभार म्हणतो. पेशवाईतील ज्या मंडळास इतिहासाने हे नाव दिले, त्याची कामगिरी या अर्थाशी कितपत जुळते, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा वध झाला आणि रघुनाथराव पेशवे झाले. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांस तोंडावर दोषी ठरविले व पुणे सोडले. बाकीचे कारभारी गप्प राहिले. इतकेच नव्हे, तर नव्या धन्याबरोबर मोहिमेवरही निघाले. त्यांस भित्रे म्हणणे सोपे आहे. परंतु शेजाऱ्याच्या मनात काय आहे हे ठाऊक नसले, म्हणजे प्रत्येक जण इतरांच्या मौनालाच संमती समजतो, आणि दरबारात तर हे विशेषच घडते. एकाने दुसऱ्यास विश्वासात घेतले तेव्हाच ही कोंडी फुटली. निरनिराळ्या सबबी सांगून सखारामबापू बोकील, नाना फडणीस प्रभृती मंडळी छावणीतून परतली. जानेवारी १७७४ मध्ये गरोदर गंगाबाईंस पुरंदरावर नेण्यात आले व त्यांच्या नावाने राज्य चालू लागले.

या मंडळींत मुळात सख्य थोडेच होते. सखारामबापू एके काळचे राघोबांच्या पक्षाचे. मोरोबा फडणीस हे नानांचे चुलतबंधू, पण प्रतिस्पर्धीही. आपल्यापैकी एकास यांनी नायक मानले असते, असे वाटत नाही. ज्याच्यासाठी गादी राखावयाची तो अद्याप जन्मासही आला नव्हता, आणि माझ्या मते मंडळाचे बळ यातच होते. कोणास कोणापुढे मान तुकवावी लागली नाही. मार्चमध्ये कासेगावच्या लढाईनंतर त्रिंबकराव पेठ्यांसारखा सेनानी गेला, तरी फूट पडली नाही. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. शिंदे-होळकर बराच काळ दोलायमान होते. तेही पुढे याच पक्षास येऊन मिळाले.

मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि इंग्रजांचे भय काहीसे ओसरले. मग अंतःकलह उफाळला. १७७८ मध्ये मोरोबांनी राघोबांस परत आणण्याचा घाट घातला. तुकोजी होळकर त्यांच्या बाजूस गेले. नानांनी महादजींच्या साह्याने तो मोडला व मोरोबांस कैदेत टाकले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावी इंग्रजांचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी सखारामबापूंवर फितुरीचा आरोप येऊन तेही कैद झाले. ‘बारभाईं’चा शेवट झाला तो अव्यवस्थेने नव्हे, दोघांना आता इतरांची गरज उरली नव्हती, म्हणून.

बापू १७८१ मध्ये रायगडावर कैदेतच वारले. पुढल्या वर्षी, १७ मे १७८२ रोजी, ग्वाल्हेरनजीक सालबाई येथे तह ठरला तो महादजींच्या मध्यस्थीने. नानांची मान्यता त्यास मिळावयास कित्येक महिने लागले.