गुण सारखे झाले तर वरचा कोण? मोटार शर्यतींतला हिशेब

फॉर्म्युला वनचा हंगाम संपला आणि दोन ड्रायव्हरचे गुण सारखेच निघाले, तर काय? क्रिकेटसारखा इथे नेट रनरेट नाही, आणि निकालासाठी जादा शर्यतही होत नाही. ज्याचे विजय जास्त, तो वर. विजयही सारखेच असतील तर दुसरे क्रमांक मोजायचे, मग तिसरे, असे खाली खाली जायचे. एवढ्यानेही तिढा सुटला नाही तर जागतिक संघटना एफआयए निर्णय देते.

2007 मध्ये लुईस हॅमिल्टन आणि फर्नांडो अलोन्सो दोघांचे 109 गुण होते, विजयही चार-चार. हॅमिल्टनचे दुसरे क्रमांक पाच, अलोन्सोचे चार. म्हणून हॅमिल्टन दुसरा. 110 गुणांचा किमी रायकोनेन विश्वविजेता झाला होता.

फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मात्र या नियमाने अजून एकदाही ठरलेले नाही. 2008 मध्ये ते अगदी दारापर्यंत आले होते. साओ पावलोची शेवटची शर्यत जिंकून फेलिपे मासा 97 गुणांवर पोचला. मागे हॅमिल्टन सहावा होता. तसाच राहिला असता तर त्याचेही 97 झाले असते, आणि सहा विजयांवर मासा विश्वविजेता. हॅमिल्टनचे विजय पाचच. मासाच्या घरच्यांनी जल्लोषही सुरू केला होता. पण शेवटच्या फेरीत हॅमिल्टनने टिमो ग्लॉकला मागे टाकले आणि 98 गुणांवर बाजी मारली.

अमेरिकेतल्या नॅसकारमध्ये 2011 साली हे खरेच घडले. टोनी स्टुअर्ट आणि कार्ल एडवर्ड्स, दोघांचे 2403 गुण. स्टुअर्टचे पाच विजय, एडवर्ड्सचा एकच. वर्षभर सातत्य राखणाऱ्याला हा नियम जरा कडकच वाटतो, पण शर्यत जिंकण्यासाठीच असते, ही त्यामागची भूमिका.

खरी गंमत तळाशी. 2012 मध्ये कॅटरहॅम आणि मारुसिया या दोन्ही संघांचे गुण शून्य. तिथे सर्वोत्तम क्रमांक बघतात. सिंगापूरमधल्या बाराव्या क्रमांकामुळे मारुसिया दहाव्या स्थानावर होता, आणि दहाव्या-अकराव्या स्थानात बक्षिसाचा फरक लाखो डॉलरचा. ब्राझीलच्या शेवटच्या शर्यतीत कॅटरहॅमच्या विताली पेत्रोव्हने मारुसियाच्याच शार्ल पिकला शेवटी शेवटी मागे टाकून अकरावा क्रमांक मिळवला. कॅटरहॅम दहावा झाला. पेत्रोव्हची ती फॉर्म्युला वनमधली शेवटची शर्यत ठरली.