न जाणवणारी ठिणगी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील कित्येक घरांत आज एक नवे दृश्य दिसते. ज्या मेजावर एके काळी हौशी तरुण रेडिओ जुळवीत बसत, त्याच मेजावर आता शाळकरी मुले मायक्रोकंट्रोलरचे इवलेसे सर्किट मांडतात. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ती पट्टी कधी कुंडीतील माती सुकल्याची वर्दी देते, कधी अंधार पडताच दिवा लावते. आणि मग पौषातील एखाद्या सकाळी, रात्री बिनचूक चाललेले ते यंत्र एकाएकी मुके होते. मुलगा तारा तपासतो, लिहिलेल्या आज्ञा पुनःपुन्हा वाचतो आणि अखेरीस आपल्याच बुद्धीला दोष देतो. खरा अपराधी मात्र पुष्कळदा त्याने नुकताच अंगातून काढलेला कृत्रिम धाग्याचा स्वेटर असतो!

या अपराध्याचे कुळ फार जुने आहे. अंबर नावाचा पिवळा राळेसारखा पदार्थ लोकरीवर घासला असता हलके कण ओढून घेतो, हे प्राचीन ग्रीकांस ठाऊक होते. विजेचे पाश्चात्त्य नाव त्या अंबराच्याच ग्रीक नावावरून पडले. १७२९ साली इंग्लंडात स्टीफन ग्रे याने दाखवून दिले की, काही पदार्थांतून ही वीज वाहून जाते व काहींवर ती जागच्या जागी साचून राहते. १७५२ साली फ्रँकलिनच्या सूचनेवरून फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगाने मेघांतील विद्युल्लता व घर्षणाची ठिणगी ही एकाच जातीची असल्याचे सिद्ध झाले. तिला सुखाने जमिनीत उतरण्यास वाट करून द्या, म्हणजे ती घात करणार नाही, हे सूत्र तेव्हापासून मानवाच्या हाती आले.

मुंबईकरांस या विजेचा परिचय प्रथम गिरणीत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तुटते आणि घर्षणाने भारावलेले तंतू एकमेकांपासून दूर पळतात. म्हणून गिरण्यांच्या खात्यांतून हवा मुद्दाम दमट राखीत. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो व त्यावरून साचलेली वीज हळूहळू ओसरते. समुद्रकाठच्या हवेचा हा गुण गिरणीमालकांच्या पथ्यावर पडला होता.

पुढे यंत्रगणनेचे युग आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा गणकयंत्र-राज चालू झाला. त्याच्या पोटात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. शेकडो व्होल्टच्या दाबावर काम करणाऱ्या त्या काचेच्या नळ्यांना माणसाच्या बोटावरील ठिणगीचे भय कसले? परंतु त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अटाला व कांग या दोघांनी एक निराळ्या रचनेचा ट्रान्झिस्टर सिद्ध केला. त्यात सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साईडचा, म्हणजे एक प्रकारच्या काचेचा, तलम पडदा असतो. आजच्या प्रत्येक मायक्रोकंट्रोलरचा जीव अशाच पडद्यांत आहे.

येथे थोडे गणित केले पाहिजे. आरंभीच्या काळी या पडद्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असे. असा पडदा १०० व्होल्टच्या आसपास फाटतो. आता माणसाकडे पाहू. आपल्या बोटातून उडालेली ठिणगी आपल्याला जाणवण्यास अंगावर सुमारे ३,००० व्होल्टचा भार साचावा लागतो. म्हणजे ज्या आघाताने चिपचा प्राण जातो, त्याच्या तीसपट आघातही हाताला कळत नाही! म्हणून मारणाऱ्यास आपण मारल्याची दाद नसते. याहून वाईट गोष्ट अशी की, कधी कधी चिप तत्काळ मरत नाही. तिला आतल्या आत जखम होते आणि ती काही दिवसांनी, भलत्याच प्रसंगी दगा देते.

हा धडा जगातील कारखानदारांनी नुकसान सोसून गिरविला. अंधेरीत १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी ‘सीप्झ’ हे खास क्षेत्र स्थापन झाले, त्याच सुमारास अशा नाजूक चिपांचा प्रसार जगभर होत होता. या धंद्याने कामगारांच्या मनगटास पट्टा, मेजावर वीजवाहक चटई व मालास काळा वीजवाहक फोम ही त्रयी पत्करली. चिप बनविणाऱ्यांनीही आत रक्षक डायोड बसविले. त्यामुळे आजच्या पुष्कळ चिपा सुमारे २,००० व्होल्टचा मानवी स्पर्श सोसतात. परंतु तो आकडाही आपल्या जाणिवेच्या खालचाच!

२००५ साली इटलीत ‘आर्डुइनो’ जन्मास आले आणि कारखान्यातील ही वस्तू घरच्या मेजावर आली. कारखान्याची शिस्त मात्र तिच्याबरोबर आली नाही. शिस्तीने विद्यार्थ्यांच्या हातून काय घडू शकते, हे आपल्या उपनगरांतच दिसले आहे. पवईच्या आय. आय. टी.तील विद्यार्थ्यांनी घडविलेला ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलो वजनाचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला. वर गेलेल्या सर्किटची दुरुस्ती करावयास कोणी जाऊ शकत नाही. तेथे लपलेली जखम म्हणजे साऱ्या श्रमांवर पाणी.

मुंबईची हवा या बाबतीत मोठी फसवी आहे. पावसाळ्यात ती पहारेकऱ्यासारखी रक्षण करते. पौष-माघात जमिनीवरून येणारे कोरडे वारे सुटले, अथवा खोलीत वातानुकूलन चालू राहिले, की पहारा ढिला पडतो. गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगी अतिशय कोरड्या हवेत ३५,००० व्होल्टपर्यंत भार साचू शकतो. दमट हवेत तोच १,५०० च्या घरात राहतो. चार महिने निष्काळजीपणा खपला, म्हणून पाचव्या महिन्यात खपेल असे नव्हे.

उपाय सोपे व स्वस्त आहेत. कामास बसण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूस स्पर्श करावा. सर्किट कडांना धरावे. चिप थर्मोकोलमध्ये कदापि खोचू नये. काळ्या फोमात किंवा चंदेरी पिशवीत ठेवावी. मनगटाचा पट्टा वापरावा. त्याच्या दोरीत दहा लाख ओहमचा रोधक असतो, तो अंगावरील भार सावकाश उतरवितो आणि चुकून घरच्या विजेशी संबंध आला तर प्राण वाचवितो. म्हणून त्याऐवजी उघडी तार मनगटास बांधण्याचे साहस कोणीही करू नये. डाग देण्याची इस्त्री अर्थिंग असलेली घ्यावी. ज्या तारा खोक्याबाहेर जातात, त्यांच्या वाटेत सुमारे १,००० ओहमचा रोधक घालावा, म्हणजे बाहेरून आलेला धक्का दारातच सौम्य होतो.

चिपची किंमत थोडक्या रुपयांची असते. ती गेली तर दुसरी आणता येते. परंतु कारण न कळता तीन वेळा अपयश आलेला मुलगा चौथ्या वेळी त्या मेजाकडे फिरकत नाही, आणि ही हानी कोणत्याही दुकानात भरून मिळत नाही. त्याला ‘तुला जमत नाही’ असे म्हणण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी एकदा त्याचा स्वेटर, खोलीतील हवा आणि पायांखालचा गालिचा पाहावा. दोष त्याच्या बुद्धीचा नसून जमिनीची वाट न सापडलेल्या एका ठिणगीचा असेल.