१७ एप्रिल : डॉ. राधाकृष्णन स्मृतिदिन

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचे १९७५ साली आजच्या दिवशी मद्रासमध्ये निधन झाले. शिक्षक दिनामुळे त्यांची जयंती सर्वांना पाठ. ग्रंथ मात्र फारसे कोणी उघडत नाही, याची खंत वाटते. वेदान्तात नीतीला स्थान नाही, ही मिशनरी अध्यापकांची टीका मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील या विद्यार्थ्याला झोंबली. त्याने एम.ए.चा प्रबंधच वेदान्तातील नीतिविचारावर लिहिला. त्याच जिद्दीतून पुढे ‘इंडियन फिलॉसफी’चे दोन खंड (१९२३, १९२७) साकारले. म्हैसूरमधील प्राध्यापकी सोडताना विद्यार्थ्यांनी त्यांची बग्गी स्वतः ओढत स्टेशनावर नेली होती. १९६२ ते १९६७ ते राष्ट्रपती होते. त्याआधी मॉस्कोत राजदूत असतानाही ऑक्सफर्डमधील प्राध्यापकपद त्यांनी सोडले नव्हते.