सहसक्रियक प्रथिने

संप्रेरकांच्या ग्राहींना क्रोमॅटिनमधील जनुके कार्यान्वित करण्यास साहाय्य करणारी प्रथिने. ती सहसा डीएनएला थेट बांधली जात नाहीत. संप्रेरकयुक्त ग्राहीला चिकटून काम करतात.

कार्य : पेशीकेंद्रात डीएनएच्या सुमारे १४७ बेसजोड्या आठ हिस्टोन (प्रथिन) रेणूंभोवती गुंडाळलेल्या असतात; डीएनए व हिस्टोन यांची ही गुंडाळी म्हणजे क्रोमॅटिन. इस्ट्रोजेन हे संप्रेरक ग्राहीत बसले की ग्राहीचा टोकाचा सर्पिल भाग जागा बदलतो आणि पृष्ठभागावर खोबण तयार होते. एसआरसी-१ या सहसक्रियकातील ल्यूसीनयुक्त छोटे पट्टे या खोबणीत बसतात. एसआरसी-१ पुढे पी३०० व सीबीपी यांना तेथे आणते. ही एन्झाइमे हिस्टोनांच्या शेपटांतील लायसिनवर ॲसिटिल गट चढवतात; लायसिनचा धन प्रभार जाऊन डीएनएवरील पकड सैल होते आणि जनुकाचे प्रतिलेखन सुरू होण्यास वाट मिळते. कार्म-१ हे दुसरे सहसक्रियक एन्झाइम हिस्टोनांवर मिथिल गट चढवते.

इतिहास : एसआरसी-१ चा शोध १९९५ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात बर्ट ओ'मॅली यांच्या गटाने लावला. क्राउस व कॅडोनागा यांनी १९९८ मध्ये इस्ट्रोजेन-ग्राही आणि पी३०० क्रोमॅटिनवर एकमेकांना पूरक ठरतात हे दाखवले.

गोव्यातील काजू : पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला काजू आज पेडणे, डिचोली व सत्तरी तालुक्यांतील डोंगरउतारांवर मोठ्या प्रमाणावर आहे. बोंडूपासून (रसाळ फळापासून) हुराक व फेणी ही मद्ये होतात. प्रस्तुत विषयाशी, म्हणजे पी३०० शी, संबंध बीच्या टरफलातील तेलाचा. टरफलाच्या दोन थरांमधल्या जाळीत तपकिरी, दाट तेल असते. ते कातडीवर उठते, म्हणून ओले काजूगर सोलताना हाताला राख चोळतात. थंड प्रक्रियेने काढलेल्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल मुख्य असते. बी भाजताना त्याचे बऱ्याच अंशी कार्डानॉल होते. बेंगळूरुच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील तपस कुंडू व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे आम्ल पी३०० ची क्रिया रोखते असे दाखवले. उघड्या (हिस्टोन नसलेल्या) डीएनएवरील प्रतिलेखनाला त्याची बाधा झाली नाही. ॲसिटिलीकरणावर अवलंबून असलेले क्रोमॅटिनवरील प्रतिलेखन मात्र जोरात घटले. अडथळा क्रोमॅटिनचा आणि तो दूर करणारे सहसक्रियक, हे या एका प्रयोगात स्वच्छ दिसते. भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीतील गार्सिनॉल व हळदीतील कर्क्युमिन यांचाही असाच गुण याच गटाने २००४ मध्ये नोंदवला. ॲनाकार्डिक आम्ल इस्ट्रोजेन-ग्राहीचे डीएनएशी बंधनही कमी करते, असे २०१० मध्ये आढळले. त्यामुळे पेशींतील त्याचा सर्व परिणाम पी३०० वर ढकलता येत नाही. काजूगरात हे आम्ल अत्यल्प असते, म्हणून खाण्यातील काजूला हे निष्कर्ष लावू नयेत.

वैद्यक : काही स्तनकर्करोगांत एआयबी-१ या सहसक्रियकाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, हे १९९७ मध्ये आढळले. टॅमॉक्सिफेन हे औषध ग्राहीचा टोकाचा सर्पिल भाग खोबणीवरच आणून सहसक्रियकाची जागा अडवते, हे १९९८ मध्ये दिसले.

थायरॉइड संप्रेरक व ड जीवनसत्त्व यांच्या ग्राहींचीही सहसक्रियकांना जवळ आणण्याची रीत बहुतांशी वरीलप्रमाणेच.